कूळ, भाडेकरू आणि अकरा महिने

साताऱ्यात शनिवार पेठेत माझ्या आत्याचा वाडा आहे. पुढच्या सोप्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत १९७१ पासून एक कुटुंब भाड्याने राहतं. आजोबांनी महिना चाळीस रुपयांवर खोल्या दिल्या होत्या. गेल्या मे महिन्यात कौलं शाकारायला माणसं आली, त्यांची मजुरी मोजून देताना आत्या म्हणाली, "खर्च आपला, पण घर आपलं कुठलं राहिलंय? पन्नास वर्षं झाली त्यांना. कूळच लागलंय की रे."

त्याच संध्याकाळी त्या घरच्या सूनबाईंनी मला दिंडी दरवाजापाशी थांबवलं. "दादा, आत्यांनी वाडा बिल्डरला दिला तर आम्हाला महिन्याभरात बाहेर काढतील का हो?"

एकाच छपराखाली दोन भीती. आत्याला वाटतं घर गेलं, सूनबाईंना वाटतं छप्पर गेलं. कायदा यातलं काहीच म्हणत नाही. मी स्वतः सांगलीत विश्रामबागला चार वर्षं भाड्याने राहिलो आहे आणि साताऱ्यात मालकाच्या घरचा आहे, त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं मी ऐकत आलो. माणसं एकमेकांशी वाईट वागतात ती बहुतेक वेळा या भीतीपोटी. म्हणून हा कायदा नेमका काय सांगतो, ते इथे सविस्तर मांडतो.

आधी ते "कूळ लागणं" बाजूला काढू. आपल्याकडे हा शब्द शेतीतून आला. १९४८ च्या कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ ला, म्हणजे कृषकदिनी, कसणारं कूळ त्या जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. सातारा-सांगलीतल्या कितीतरी घरांनी तेव्हा जमिनी गमावल्या आणि कितीतरी घरांना त्या मिळाल्या. ती आठवण पक्की आहे, म्हणून घर भाड्याने देतानाही मालकाच्या पोटात तोच गोळा येतो. पण घरभाड्याचा कायदा वेगळा आहे. त्यात भाडेकरू कधीच मालक होत नाही, बारा वर्षांनी नाही आणि पन्नास वर्षांनीही नाही. "बारा वर्षं राहिला की घर त्याचं" हे जे सर्रास बोललं जातं, ते मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे जागा बळकावून बसलेल्या माणसाबद्दल आहे. भाडेकरू मालकाच्या परवानगीने राहतो. तो भाडं देतो म्हणजेच दर महिन्याला समोरच्याला मालक म्हणून मान्य करतो. त्याला कायद्याने मिळतो तो राहण्याचा हक्क, आणि तो मात्र चांगलाच घट्ट आहे.

हा घट्टपणा आला युद्धांमुळे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ साली, मुंबईत पहिला भाडेनियंत्रण कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धात शहरांत माणसं लोटली, सिमेंट-लोखंड मिळेना, नवी घरं उभी राहीनात आणि मालक म्हणतील ते भाडं असं झालं. म्हणून सरकारने भाडी गोठवली. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं हा पाया धरला. कायदा तात्पुरता होता, पण मुदत वाढत वाढत पन्नास वर्षं गेली. सातारा-सांगलीकडे हाच कायदा होता. विदर्भात आणि मराठवाड्यात वेगळे होते.

पन्नास वर्षं भाडं जवळपास जागच्या जागी राहिल्यावर जे व्हायचं तेच झालं. मालकाने वाड्याकडे बघणं सोडलं, कारण वर्षाच्या भाड्यातून एका खणाची कौलंही बदलता येईनात. भाडेकरू जागा सोडेना, कारण बाहेर त्या पैशांत पानटपरीसुद्धा मिळाली नसती. जागा रिकामी ठेवली तरी कुलूप लावून ठेवली. आपल्या पेठांतले जे वाडे आज वाशांना टेकू देऊन उभे आहेत, त्यांच्या पडझडीला एवढं साधं गणित कारण आहे. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं, की भाडं असं गोठवून ठेवणं काळाच्या ओघात अवाजवी झालं आहे. मग राज्याने तिन्ही जुने कायदे रद्द करून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आणला. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि आज चालतो तो हाच. तो परिशिष्टात दिलेल्या शहरी भागांसाठी आहे, सगळ्या गावखेड्यांना सरसकट नाही.

आता या कायद्याने आत्याच्या दोन खोल्यांचं भाडं काढून पाहू. जुन्या भाडेकरूसाठी पाया आहे १ ऑक्टोबर १९८७ चं भाडं. त्या वेळी आमच्याकडे साठ रुपये होतं. त्यावर एकदाच ५ टक्के वाढ, म्हणजे ६३ रुपये. याला कायदा प्रमाण भाडं म्हणतो. मग २००० पासून मालकाला दर वर्षी ४ टक्के वाढ करता येते. पहिल्या वर्षी ही वाढ अडीच रुपये होते. पंचवीस वर्षं वाढीवर वाढ धरली, तरी रक्कम १६८ रुपयांपर्यंतच जाते. यावर घरपट्टी वगैरे कर वाढले तर त्या वाढीचा वाटा मालक घेऊ शकतो आणि सुधारणेवर मोठा खर्च केला तर त्याच्या १५ टक्क्यांपर्यंत रक्कम वर्षाच्या भाड्यात वाढवू शकतो. शेजारच्या नव्या इमारतीत तेवढ्याच जागेला हजारांनी भाडं मिळतं हे आत्याला दिसतंच. तिची तक्रार मला रास्त वाटते. कायद्याने गोठवणं थांबवलं खरं, पण गोठलेल्या आकड्यावरच टक्के लावले.

गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी, की आत्याने ही ४ टक्के वाढसुद्धा कधी मागितली नव्हती. तिला माहीतच नव्हतं. वाढ मागायची तर लेखी कळवून मागावी आणि पावतीवर नवी रक्कम लिहावी. पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. "पावती दिली की हक्क पक्का होतो" या समजुतीने कितीतरी मालक पावती देत नाहीत. हक्क पावतीने होत नाही, तो राहण्याने आणि भाडं दिल्याने झालेलाच असतो. पावती नसली तर गोंधळ तेवढा वाढतो, आणि तो दोघांनाही महागात पडतो.

काढता येतं ते कधी?

भाडेकरू ठरलेलं भाडं देतो आहे, द्यायला तयार आहे आणि अटी पाळतो आहे, तोवर त्याला काढता येत नाही. हा या कायद्याचा कणा. काढायचं तर कायद्यात दिलेलं कारण हवं आणि ते दिवाणी न्यायालयात सिद्ध व्हायला हवं. साताऱ्यात-सांगलीत हे दावे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतात, अपील जिल्हा न्यायालयात. नगरपालिका, पोलीस ठाणं, गल्लीतले पुढारी यांपैकी कुणालाही हा अधिकार नाही. पाणी तोडणं, वीज बंद करणं, जिन्याला कुलूप लावणं हे तर गुन्ह्यात मोडतं. मालकाचं म्हणणं शंभर टक्के खरं असलं तरीही.

सगळ्यात जास्त दावे थकबाकीचे, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही तिथेच, म्हणून जरा थांबून सांगतो. समजा, सहा महिने भाडं आलं नाही. मालकाने आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस त्याला दावा करता येत नाही. त्या ९० दिवसांत भाडेकरूने पैसे दिले तर विषय संपला. नाही दिले तर दावा. पण दाव्याचं समन्स हातात पडल्यावर भाडेकरूला आणखी ९० दिवस मिळतात. त्या मुदतीत सगळी थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह न्यायालयात भरली आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत भाडं आणि सांगितलेला खर्च भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढण्याचा हुकूम होत नाही.

इथे भाडेकरू कुठे चुकतात, तर सुरुवातीची रक्कम धावपळ करून भरतात आणि नंतर विसरतात. दावा चालतो वर्षानुवर्षं. मधल्या काळात दोन-तीन महिने भरले नाहीत, मग एकदम भरले, असं चालत नाही. या एका ढिलाईपायी उभ्या संसाराची जागा जाते. आणि मालकच भाडं घेत नसेल, तर "ते घेत नाहीत, आम्ही काय करणार" म्हणून गप्प बसू नये. पूर्वी माणसं मनीऑर्डर करायची आणि परत आलेली पावती ट्रंकेत जपून ठेवायची. आता बँकेतून पाठवा, पण पाठवल्याचा कागद हवा.

दुसरं मोठं कारण म्हणजे मालकाची स्वतःची गरज. मुलाचं लग्न झालं, कुटुंब वाढलं, निवृत्तीनंतर गावी परत यायचं आहे, अशी गरज खरी आणि वाजवी असावी लागते. ती कुठे भागवायची हे मालकाने ठरवायचं, भाडेकरूने त्याला "तुम्ही मागच्या खोलीत राहा" असं सांगायचं नाही. पण गरज सिद्ध झाली तरी न्यायालय आणखी एक प्रश्न विचारतं, जो मला या कायद्यातला सगळ्यात माणुसकीचा वाटतो: हुकूम दिला तर भाडेकरूला जास्त त्रास की नाकारला तर मालकाला? भाडेकरूचं गोडोलीत स्वतःचं घर असेल आणि त्याने पेठेतली खोली केवळ अडवून धरली असेल, तर पारडं मालकाकडे झुकतं. भाडेकरूला दुसरा आसरा नसेल आणि मालकाचं एका खोलीने भागत असेल, तर न्यायालय तेवढ्या भागापुरताच हुकूम देऊ शकतं. गरजेच्या नावाखाली जागा घेऊन मालक महिन्याभरात तिथे राहायला गेला नाही, किंवा वर्षाच्या आत ती दुसऱ्याला भाड्याने दिली, तर भाडेकरू ती परत मागू शकतो.

बाकीची कारणं थोडक्यात. मालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवणं, लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम करणं, जागेची नासधूस करणं, शेजाऱ्यांना उपद्रव देणं किंवा तिथे बेकायदेशीर धंदा चालवणं. आणि सबळ कारण नसताना सलग सहा महिने जागा न वापरणं. हे शेवटचं नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्यांनी नीट ध्यानात घ्यावं. साताऱ्यातली जुनी खोली कुलूप लावून भाडं भरत राहिलं की हक्क शाबूत राहतो, असं नाही.

सातारा हा फौजींचा जिल्हा, म्हणून एक तरतूद मुद्दाम सांगतो. घरमालक सैन्यात असेल किंवा निवृत्त झाला असेल आणि त्याला स्वतःचं घर राहायला हवं असेल, तर त्याला इतरांसारखा लांबलचक दावा लढावा लागत नाही. त्याच भागात राहण्याजोगी दुसरी जागा नसल्याचा लष्करी अधिकाऱ्याचा दाखला घेऊन तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो. सीमेवर पंधरा-सतरा वर्षं काढून आलेला माणूस गावी स्वतःच्याच घराबाहेर भाड्याने राहतो, हे मी पाहिलं आहे, आणि त्याला ही वाट कुणी दाखवली नव्हती.

अकरा महिन्यांचा कागद

आता नव्या भाडेकरूंकडे येऊ, कारण आज शाहूपुरीत किंवा विश्रामबागेत जो फ्लॅट भाड्याने घेतो त्याचा वरच्या बहुतेक गोष्टींशी संबंध येत नाही. बोलताना आपण त्याला भाडेकरू म्हणतो, पण कागदावर तो भाडेकरू नसतो. त्याच्याकडे असतो लिव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहण्याची परवानगी. जागेत त्याचा हक्क निर्माण होत नाही. मुदत संपली की परवानगी संपली.

ही पद्धत रुळली त्यामागेही इतिहास आहे. मालकांनी भाडे कायदा टाळायला फार पूर्वीपासून लायसन्सवर जागा द्यायला सुरुवात केली होती. मग सरकारने दुरुस्ती केली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे अशा चालू लायसन्सवर राहत होते, ते सगळे भाडेकरू मानले गेले. मालकांना धडकी भरली. कित्येकांनी जागा रिकाम्या ठेवणं पसंत केलं. १९९९ च्या कायद्यातल्या कलम २४ ने ही भीती काढली. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. तिथे लेखी करारात जे लिहिलंय तेच निर्णायक पुरावा. राहणाऱ्याला नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर मालकाचं म्हणणं मान्य केलं असं धरतात. आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळाचे पैसे दुप्पट दराने द्यावे लागतात.

म्हणून लायसन्सवर राहणाऱ्याने करारातल्या सगळ्यात कंटाळवाण्या ओळीवर सगळ्यात आधी बोट ठेवावं: मुदत कोणत्या तारखेला संपते. मी विश्रामबागेत राहत असताना माझा करार संपून दोन महिने झाले होते आणि मालक-भाडेकरू दोघांनाही पत्ता नव्हता. मालक भले होते म्हणून निभावलं. अनामत रकमेतून रंगकाम कापणार का, मधेच सोडायचं तर किती दिवस आधी सांगायचं, वीजबिल कुणाच्या नावाने, हे सगळं त्या कागदावर असेल तरच खरं.

अकरा महिनेच का? नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची. ती टाळायला देशभर अकरा महिन्यांची सवय लागली. पण महाराष्ट्रात या पळवाटेचा उपयोग नाही. कलम ५५ सांगतं, की भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि खरा फटका असा, की वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी करून जो कागद दिला जातो, तो नोंदणी नव्हे. हे वाक्य मी नातेवाइकांत इतक्या वेळा म्हटलंय, तरी पुन्हा लिहितो.

खर्चाला घाबरण्यासारखं काही नाही. महिना आठ हजार भाडं, पन्नास हजार अनामत, मुदत अकरा महिने धरा. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामतीवरचं वार्षिक १० टक्क्यांनी येणारं व्याज यांच्या बेरजेच्या पाव टक्का, म्हणजे दोनशे-तीनशे रुपयांच्या घरात. शहरात नोंदणी फी एक हजार. नोंदणी आता ऑनलाइनही होते, आधार आणि अंगठ्याचा ठसा घेऊन, दुय्यम निबंधक कार्यालयात न जाता.

दुकानाचा गाळा असेल तर एक सावधगिरी. कलम २४ ची ही जलद वाट राहत्या जागेपुरती आहे. साताऱ्याच्या राजपथावरचा किंवा सांगलीच्या मारुती रोडवरचा गाळा लायसन्सवर दिला आणि समोरचा हलेना, तर दिवाणी दाव्याचीच वाट धरावी लागते. उलट जागा बँकेला, सरकारी उपक्रमाला किंवा एक कोटी आणि त्याहून जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपनीला दिली असेल, तर भाडेनियंत्रण लागूच होत नाही. मोठ्यांना संरक्षणाची गरज नाही, असा सरळ विचार त्यामागे आहे.

२०२१ मध्ये केंद्राने एक आदर्श भाडे कायदा मंजूर केला. राहत्या जागेला दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत नको, असं त्यात आहे. त्याचे संदेश व्हॉट्सअॅपवर अजून फिरतात आणि माणसं ते मालकाला दाखवतात. तो राज्यांसाठीचा नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही.

आता पुन्हा वाड्याकडे, कारण सूनबाईंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं.

वाडा पाडून नवी इमारत बांधायची म्हणून मालक जागा मागू शकतो, पण नुसतं म्हणून भागत नाही. नकाशे मंजूर हवेत, पैशांची सोय हवी आणि नव्या इमारतीत जुन्या भाडेकरूंना जागा देण्याची हमी हवी. बिल्डरच्या माणसाने येऊन "आठ दिवसांत सामान हलवा" म्हटलं, तर त्याला कायद्यात जागा नाही. वाडा मोडकळीला आला म्हणून पालिकेने उतरवला तर? सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २०१४ मध्ये स्पष्ट केलंय, की इमारत गेल्याने भाडेकरूपण आपोआप संपत नाही, कारण भाडेपट्ट्यात जमिनीचाही अंश असतो. सांगलीच्या गावभागात पुराने जुनी घरं खचलेल्यांनी हे जरूर माहीत करून घ्यावं. मूळ भाडेकरू, म्हणजे सूनबाईंचे सासरे, वारले आहेत. तरी त्यांच्या शेवटच्या काळात सोबत राहणारं कुटुंब भाडेकरू म्हणून पुढे चालतं. मात्र बाहेरगावी राहणारा दीर येऊन हक्क सांगू लागला, तर राहत्या जागेबाबत त्याचं पारडं हलकं.

दुरुस्तीही मालकाचंच काम. त्याने केली नाही, तर भाडेकरू पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन स्वतः करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत रक्कम वळती करू शकतो. १६८ रुपये भाड्यात हा हिस्सा वर्षाला पाचशे रुपये होतो. एवढ्यात एक वासाही येत नाही. कागदावरचा हक्क आणि पडकं छप्पर यांच्यातलं अंतर हे असं आहे.

हे सगळं मी आत्यासमोर आणि सूनबाईंच्या नवऱ्यासमोर एकाच वेळी सांगितलं, ओसरीवर बसून. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "आत्या, आम्हालाही इथे छप्पर गळतंय म्हणूनच जायचंय. करंज्यात एक जागा बघितलीय, पण हात तोकडा पडतो."

भाडेहक्क सोडण्याबद्दल भाडेकरूने मोबदला घेणं, म्हणजे आपण ज्याला पागडी म्हणत आलो, ते १९९९ च्या कायद्याने उघडपणे मान्य केलेलं आहे. ते चोरून करायचं कारण उरलेलं नाही. आत्याने रक्कम विचारली, त्याने सांगितली, ती आत्याला जास्त वाटली. वकिलांना भेटायचं ठरलंय ते दसऱ्यानंतर. तोवर आत्याने जुनं पावतीपुस्तक शोधून काढलंय आणि या महिन्याची पावती स्वतःच्या हाताने लिहून दिली आहे.